आधी पाणी तपासा, मग फिल्टर घ्या

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आपल्याला पाण्याची धास्ती घालून दिली. त्यात जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची साथ आली आणि दूषित पाण्याचा संशय पुढे आला. मग कुपवाड काय किंवा बामणोली-सावळी काय, घरोघरी आरओ यंत्राची चौकशी सुरू झाली. काळजी रास्त आहे. पण माती न तपासता खत टाकणे जसे, तसेच पाणी न तपासता यंत्र घेणे.

विक्रेता घरी येतो, पाण्यात दोन सळया बुडवून वीज सोडतो. पाणी तांबूस-काळे होते आणि घरच्या बाया घाबरतात. हा रंग मुख्यतः सळईच्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून वीज वाहत नाही आणि रंगही येत नाही. टीडीएस मीटर क्षार मोजते, जंतू नाही.

आपल्याकडे पाणी दोन जातींचे. एक नदीचे, दुसरे बोअरचे. कुपवाड १९९८ पासून महापालिकेत आहे, तिथे नळाला कृष्णेचे शुद्ध केलेले पाणी येते. या पाण्यात क्षारांपेक्षा जंतूंची भीती जास्त. सांगलीचा शेरी नाला कृष्णेला मिळतो हे आपण वर्षानुवर्षे पाहतो आहोत. शुद्धीकरण नीट झाले तरी वाटेत जलवाहिनी गळकी असली की गटाराचे पाणी आत शिरते. म्हणून घरच्या नळाला क्लोरीन उरले पाहिजे, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. शंका आली तर पाणी गाळून खळखळून उकळा, किमान मिनिटभर. यूव्ही यंत्रही चालते, पण पाणी नितळ हवे आणि वीज हवी. अशा पाण्याला आरओ सहसा लागत नाही. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ नको, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्येच म्हटले होते. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

बोअरची गोष्ट वेगळी. ऊसपट्ट्यात पाटाने भरमसाट पाणी दिले, जमिनी क्षारपड झाल्या, तेच क्षार खाली उतरले. जोडीला युरिया. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन भूजलात जाते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापुढचे पाणी वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला धोक्याचे, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळे पडते. लक्षात ठेवा, उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटल्याने उलट वाढते. कँडल फिल्टरनेही जात नाही. इथे मात्र आरओ कामाचा. पण घरगुती आरओ लिटरभर पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. ते फरशी पुसायला, संडासला वापरा. रोपांना, परसबागेला घालू नका, त्यात क्षार दाट असतात.

आता मुद्द्याचे. ज्याच्याकडे पैसा आहे तो यंत्र घेईल. ऊसतोड मजुराने, भूमिहीनाने काय करायचे? त्याच्यासाठी गावची टाकीच फिल्टर. टीसीएल पावडर ओलाव्यात, उघड्या पोत्यात ठेवली की क्लोरीन उडून जाते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के असते, ते २० टक्क्यांच्या खाली गेले तर ती वापरू नये. चांगल्या पावडरीचे साधारण माप हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. बादलीत कालवून निवळू द्यावी, वरची निवळी टाकीत ओतावी, किमान अर्धा तास थांबून पाणी सोडावे. मग गावाच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट घ्यावी. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचले.

सरपंच आणि जलसुरक्षकांनी ही नोंद रोज फळ्यावर लिहावी. क्षार-नायट्रेटची तपासणी वर्षातून एकदा, जंतूंची पावसाळ्याआधी आणि नंतर करून घ्यावी आणि अहवाल ग्रामसभेत वाचावा. आपणही दोन गोष्टी कराव्यात. युरिया हप्त्याहप्त्याने द्यावा आणि उसाला ठिबक करावे. शेतात वाया गेलेले खत शेवटी आपल्याच घरच्या तांब्यात येते.