कौशल्य कोणाचे, मोल कोण ठरवणार?

मोटारींचा धंदा पुरुषांचा, आणि त्यातल्या बड्या साहेबांचे पगार हा शेअरबाजारवाल्यांचा विषय. त्याच्याशी स्त्रियांच्या चळवळीचा काय संबंध, असे आपल्यापैकी अनेकींना वाटेल. मला मात्र वाटते की बाईच्या श्रमाचे मोल इतके कमी का, हा आपला जुना प्रश्न नीट समजायचा असेल तर एकदा वरच्या टोकाकडूनही त्याच्याकडे पाहायला हवे. जिथे मोल अफाट ठरते तिथे ते कसे ठरते, हे कळले की खालचे गणितही उलगडते.

फोर्ड या अमेरिकन कंपनीचे उदाहरण घेऊ. २००६ साली ही कंपनी गाळात होती. त्या एका वर्षात तिला सुमारे १,२७० कोटी डॉलरचा तोटा झाला. वर्षाच्या सुरुवातीलाच तिने १४ कारखाने बंद करण्याची आणि २५ ते ३० हजार नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर केली होती. पुढे नोकरी सोडण्यासाठी एकरकमी पैसे देऊ केले गेले आणि जवळजवळ ३८ हजार कामगारांनी ते घेऊन घरचा रस्ता धरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने बोइंग या विमान कंपनीतून अ‍ॅलन मुलाली यांना मुख्याधिकारी म्हणून आणले. येताना त्यांना ७५ लाख डॉलर निव्वळ रुजू होण्याबद्दल मिळाले. बोइंग सोडल्यामुळे बुडणारे लाभ भरून देण्यासाठी आणखी १ कोटी १० लाख डॉलर मिळाले. पगार, शेअर वगैरे धरून वर्षातल्या अवघ्या चार महिन्यांचा आकडा सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर झाला. खासगी प्रवासाला कंपनीचे विमान होते, ते वेगळेच.

यातली ‘बुडणारे लाभ भरून देणे’ ही बाब मला सर्वांत बोलकी वाटते. नोकरी बदलताना साहेबाचे एक पैशाचेही नुकसान होऊ नये याची काळजी तोट्यातली कंपनीसुद्धा घेते. आपल्या वस्त्यांमध्ये घरी बसून शिलाई करणाऱ्या बायांकडे पाहा. मशीन तिचे, सुई-दोरा तिचा, विजेचे बिल तिचे. बाळंतपणात बुडलेले दिवसही तिचेच. त्यातले काहीही डझनाच्या दरात धरलेले नसते. तसे धरावे असे ती मागायला गेली, तर ‘परवडत नाही’ हे उत्तर तयार असते.

याच फोर्ड कंपनीच्या इतिहासात शिलाईवाल्या बायांची एक गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये डॅगनहॅम येथील कारखान्यात मोटारींच्या आसनांची कव्हरे शिवणाऱ्या १८७ बायांनी जून १९६८ मध्ये संप केला. नव्या वर्गवारीत कंपनीने त्यांचे काम कमी कौशल्याच्या ‘बी’ श्रेणीत टाकले होते, आणि त्या श्रेणीतल्या पुरुषांना मिळणाऱ्या पगाराच्याही ८५ टक्केच पैसे त्यांना मिळत होते. आसनांशिवाय मोटार बाहेर पडत नाही. तीन आठवड्यांच्या संपात काम ठप्प झाले. अखेर मंत्री बार्बरा कॅसल यांनी मध्यस्थी केली आणि पुरुषांच्या दराच्या ९२ टक्क्यांवर तडजोड झाली. या संपाने ब्रिटनच्या १९७० च्या समान वेतन कायद्याला मोठा रेटा दिला. परंतु त्यांची मूळ मागणी, ‘आमचे काम कुशल आहे हे मान्य करा’, ती मान्य व्हायला १९८४ उजाडले आणि आणखी एक संप करावा लागला. तब्बल १६ वर्षे! त्यांचे काम तेच, मशीन तेच आणि हातही तेच होते.

म्हणजे कौशल्य हे तराजूत घालून मोजलेले नसते. ते कोणीतरी ठरवत असते. मुख्याधिकाऱ्याचा पगार कोण ठरवते? संचालक मंडळाची एक समिती. तिच्यात बहुधा इतर कंपन्यांचे आजी-माजी अधिकारीच बसलेले असतात. मदतीला पगारी सल्लागार असतात. ते अन्य कंपन्यांमधले आकडे समोर ठेवतात. आपला माणूस सरासरीपेक्षा कमी ठरू नये असे प्रत्येकच कंपनीला वाटते, त्यामुळे सरासरी दरवर्षी वर चढते. डझनाचा दर ठरवताना मात्र शिवणारी बाई खोलीतही नसते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मुलालींनी कंपनी वाचवली नाही का? वाचली, हे खरे आहे. त्यांनी २००६ च्या अखेरीस मालमत्ता गहाण टाकून २,३६० कोटी डॉलर उभे केले. त्यामुळे २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायसलर दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा फोर्ड तगली आणि त्याच वर्षी नफ्यातही आली. पण हे श्रेय एकाच माणसाचे कसे? २००७ च्या करारात संघटनेने नव्या कामगारांसाठी जुन्यांच्या निम्म्याच्या आसपास वेतन मान्य केले. हजारो घरांनी नोकऱ्या सोडल्या. नोकरी गेलेल्या घरात काटकसर कोण करते, आजाऱ्याला दवाखान्याऐवजी घरी कोण सांभाळते, हे आपल्याला सांगायला नको. त्या श्रमांनीही कंपनी वाचवली. बक्षीस वाटायची वेळ आली तेव्हा मुलालींना २०१० सालचे २ कोटी ६५ लाख डॉलर मिळाले, शिवाय मार्च २०११ मध्ये साडेपाच कोटींहून अधिक डॉलरचे शेअर. कामगार संघटनेचे अध्यक्ष बॉब किंग यांनी त्यावर उघड टीका केली.

दुसरा मुद्दा आपल्याच चळवळीतून येतो: वरच्या खुर्चीत बाई बसली की चित्र बदलेल. २०१४ च्या जानेवारीत मेरी बारा जनरल मोटर्सच्या प्रमुख झाल्या. त्यांना आधीच्या पुरुषापेक्षा कमी पैसे मिळणार अशी बातमी पसरताच गदारोळ झाला. मग कंपनीने पूर्ण आकडा १ कोटी ४४ लाख डॉलर असल्याचे जाहीर केले. समान वेतनाचा आग्रह योग्यच होता. पण २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या पाच कारखान्यांचे काम थांबवण्याची घोषणा केली. त्या वर्षी बारा यांचा मोबदला २ कोटी १८ लाख डॉलरच्या वर होता. आपल्या तळेगावच्या कारखान्यातले त्यांचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि कायम कामगार रोजगारासाठी झगडत राहिले. त्या घरांतल्या बायांना वरच्या खुर्चीत बाई असल्याचा काय उपयोग झाला? बाया वर जाव्यात, जरूर जाव्यात. पण शिडीची उंचीच आपण वादाबाहेर ठेवली, तर आपली समता मूठभर बायांपुरती उरेल.

मग करायचे काय? आपल्या कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ नुसार शेअरबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला संचालकाचा मोबदला आणि मधल्या कर्मचाऱ्याचा पगार यांचे प्रमाण अहवालात द्यावे लागते. सगळ्या कर्मचाऱ्यांना पगाराच्या क्रमाने उभे केले की बरोबर मधोमध येतो, तो मधला कर्मचारी. पण या रांगेत कंत्राटदाराकडचे कामगार सहसा नसतात, घरी काम करणाऱ्या बाया तर नसतातच. त्यांना मोजले तर दरी किती रुंद दिसेल! ही मोजणी व्हावी, ही आपली पहिली मागणी असावी. कामगार कमी करणाऱ्या कंपनीत त्याच वर्षी वरचे पगार वाढू नयेत, ही दुसरी. पगार ठरवणाऱ्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांत बाया असाव्यात, ही तिसरी.

चौथी गोष्ट आपल्याच हातात आहे. १९७६ चा समान वेतन कायदा आणि त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता, दोन्हींचा आधार ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम’ हा आहे. बायांचे काम आधीच वेगळ्या, हलक्या गटात टाकले की कायद्याचा हात तिथवर पोचत नाही. म्हणून वस्तीतल्या गटांनी शिलाई, पॅकिंग, जुळणी अशा एकेका कामाची फोड करावी: किती वेळ लागतो, शिकायला किती महिने गेले, नजर किती लागते, चूक झाली तर भुर्दंड कोणाला. हा कागद घेऊनच पुढच्या वेळी दर ठरवायला बसू या. डॅगनहॅमच्या बायांना १६ वर्षे लागली. आपल्याला इतकी लागू नयेत.