उघडे दार

फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या ‘रिडीमिंग लव्ह’ (१९९१) या ख्रिस्ती प्रेमकादंबरीत खलनायक आहे. पण खरा शत्रू आहे भीती. बायबलमधील होशेय संदेष्ट्याची कथा लेखिकेने १८५०च्या, सोन्यासाठी झुंबड उडालेल्या कॅलिफोर्नियात नेली. बालपणीच वेश्याव्यवसायात ढकललेली एंजल लग्नानंतरही मायकेलच्या घरातून पुन:पुन्हा पळते. माराची तिला सवय आहे. धास्ती वाटते ती मायेची. मायकेल तिला शोधून आणतो. अखेरच्या वेळी मात्र तो थांबतो, आणि ती आपल्या पायांनी परतते.

इथे मी पुस्तक मिटले. मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली, तेव्हा काळजीच्या नावाखाली मीच दार अडवले होते. भ्यालो होतो मी, ती नव्हे. प्रेमाला दार उघडे ठेवण्याचे धैर्य लागते, हे कळायला मला उशीरच झाला.