दोन रांगांचा भागाकार

मिळालेल्या गुणांची एक रांग आणि एकंदर गुणांची दुसरी. पहिलींतील प्रत्येक अंकास दुसरींतील त्याच जागेच्या अंकानें भागावयाचें. पायथॉन या संगणकभाषेंत साध्या याद्यांमध्यें नुसतें भागाकाराचें चिन्ह घातल्यास यंत्र चूक दाखवितें. म्हणून विद्यार्थी ‘झिप’ या साधनानें जोड्या लावितात. परंतु एका रांगेंत ४० व दुसरींत ३९ अंक असले, तर आखूड रांग संपतांच झिप मुकाट्यानें थांबतें. चाळिसाव्या मुलाचा निकाल नाहींसा होतो, आणि कोणास कळतही नाहीं! २०२१ सालच्या ३.१० या आवृत्तीपासून ‘स्ट्रिक्ट’ अशी ताकीद देतां येते. पण ती आपणच द्यावी लागते. ‘नमपाय’ अशा विषम रांगा नाकारितें खरें. तथापि पांचास शून्यानें भागिलें असतां केवळ इशारा देऊन ‘अनंत’ लिहून मोकळें होतें.

यास्तव आम्हांस वाटतें कीं, विद्यार्थ्यांनीं भागण्यापूर्वीं दोन्ही रांगा मोजाव्या व भाजकांत शून्य नाहीं ना, हें पाहावें. पालकांनींही ‘उत्तर आलें काय?’ एवढेंच न विचारतां ‘किती उत्तरें आलीं?’ असें विचारावें. भागाकार यंत्र करील. कोणी वगळला गेला नाहीं ना, हें पाहणें माणसाचेंच काम होय.