पाय दाबला की येणारा आवाज

महाडजवळच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पती आखातात नोकरीला आहेत. घरची दहा वर्षांची पेट्रोल गाडी त्या स्वतःच चालवतात. मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, बाजार, सगळे त्याच गाडीवर. सपाट रस्त्यावर तक्रार नाही, पण चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की भट्टीत चणे फुटावेत तसा तडतड आवाज येतो. गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितले की इंजिन उतरवावे लागेल. त्या विचारतात, पतीने घामाने कमावून पाठवलेले पैसे यात घालावेत का?

आमचे उत्तर असे की अजून नाही. त्यांनी केलेले वर्णन नॉकिंगचे आहे. स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका कडेने जळत गेले पाहिजे. तसे न होता उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपणहूनच भडकले की सिलिंडरमध्ये ठोका बसतो. गाडी वरच्या गिअरवर, वेग कमी, आणि चढ चढण्यासाठी पाय पूर्ण दाबलेला, अशा वेळी हे हमखास घडते. कशेडी घाट चौथ्या गिअरवर रेटणारे आपल्याकडे थोडे नाहीत. त्यात पेट्रोल वाचते अशी समजूत आहे. आम्हाला ती पटत नाही.

म्हणून या भगिनींनी पहिल्यांदा त्याच चढावर एक गिअर खाली घ्यावा. आवाज थांबला तर निम्मे काम तिथेच झाले. मग गाडी थंड असताना कूलंटची पातळी पाहावी (गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये), प्लग काढून त्यांची अवस्था तपासून घ्यावी आणि पुढच्या वेळी पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरून पाहावे. सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन हेही एक कारण असते. एवढे करूनही प्रत्येक गिअरवर तडतड राहिली तर मात्र चालढकल नको. वर्षानुवर्षे ठोके खाल्ले की पिस्टन खराब होतो.

इंजिन उतरवण्याची वेळ खरोखर आणणारा आवाज वेगळा असतो. तो खोल, जड, ‘ठक ठक’ असा असतो आणि उभ्या गाडीला रेस दिली तरी वाढतो. सोबत ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी लगेच बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, थोडे थांबून पट्टीवर ऑइल पाहावे आणि गाडी ओढूनच न्यावी.

कोणताही आवाज असो, गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. मोकळ्या जागी हँडब्रेक लावून, न्यूट्रलवर हळूहळू रेस द्यावी. मुलांना गाडीच्या पुढेमागे उभे करू नये. आवाज उभ्या गाडीतही आला तर बहुधा तो इंजिन, बेल्ट किंवा सायलेन्सरचा. उभ्या गाडीत आला नाही, तर रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन पाय उचलावा. पाय उचलताच आवाज गेला तर इंजिनावर भार पडला की बोलणारे काहीतरी आहे. घोंघावणे तसेच राहिले आणि वेगाबरोबर कमी-जास्त झाले तर चाकाचे बेअरिंग किंवा टायर. एवढे सांगता आले की मिस्त्रीही अंदाजाने सुटे भाग बदलत बसत नाही. बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवणार असाल तर बुरख्याची बाही आणि ओढणी बेल्टपासून लांब ठेवा.

सकाळी, विशेषतः पावसात, दाबल्याबरोबर किंचाळल्यासारखा आवाज आला तर तो सैल किंवा गुळगुळीत झालेला फॅन बेल्ट. त्याचा खर्च फारसा नसतो. पाय दाबताना आणि सोडताना एकेक धक्का बसून ‘धप्प’ वाजले तर इंजिनाचे फाउंडेशन पाहायला सांगा. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना ‘कट-कट’ आले तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याच्यावरचे रबरी बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले दिसते. आवाज सुरू होण्याआधी नुसते बूट बदलले तर स्वस्तात भागते. पुढे अख्खा जॉइंट किंवा एक्सल घ्यावा लागतो.

एका आवाजाबाबत मात्र आमचा आग्रह आहे. दाबल्यावर ‘फट-फट’ असा मोकळा आवाज येऊ लागला तर सायलेन्सरच्या पाइपला कुठेतरी भोक किंवा सांधा उघडा आहे. किनारपट्टीची खारी हवा पाइप गंजवते, आणि गावातले गतिरोधक खालून ठोकतात. लोक हा आवाज ‘चालतंय’ म्हणून सोडून देतात. पण त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. गळती इंजिनाजवळ किंवा गाडीच्या तळाशी असली तर तो आत शिरू शकतो. मागच्या सीटवर झोपलेल्या मुलाला डोकेदुखी, मळमळ झाली तर ती गाडी लागली असेच आपण समजतो. असा आवाज असेल तर दुरुस्तीपर्यंत लांबचा प्रवास करू नका, काचा उघड्या ठेवा आणि एसी लावून उभ्या गाडीत बसू नका. पुष्कळदा वेल्डिंगवर काम होते. ईदला गावी निघण्याआधी हे नक्की पाहा.

पत्राच्या शेवटी याच भगिनींनी विचारले आहे की दीर म्हणतात, जाड ऑइल घालून आवाज दाबू आणि गाडी विकून टाकू, हे चालेल का? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा त्या विक्रेत्याला काय सुनावले ते आपल्या घराघरांत माहीत आहे. वरचे कोरडे, आतले ओले, तोच हा प्रकार. गाडी विकायची असेल तर घेणाऱ्याला सोबत बसवून त्याच चढावर न्यावे, आवाज ऐकवावा, आणि व्यवहाराच्या कागदावर ‘चढावर नॉकिंग आहे’ एवढी ओळ लिहावी. किंमत थोडी उतरेल. पण आधी गिअर आणि प्लग पाहून घ्या. कदाचित विकण्याची गरजच पडणार नाही.