चहात कालवलेलं सत्य



सुट्टीत मुलांनी हॅरी पॉटरची पुस्तकं पुन्हा काढली आणि त्यावरून घरात वाद रंगला. त्यात व्हेरिटासेरम नावाचं एक औषध आहे. रंग नाही, वास नाही, तीन थेंब पोटात गेले की माणूस मनातलं सगळं ओकतो. त्याच्या वापरावर जादू मंत्रालयाचे कडक नियम आहेत. मुलांचं म्हणणं, नियम कशाला? सगळ्यांना पाजा, खोटं बोलणंच संपेल.

मला मात्र नियम हवेतच असं वाटतं. कथेत स्नेप सर हॅरीला धमकी देतात ती भोपळ्याच्या रसात हे थेंब टाकण्याची. मंत्रालयातून आलेल्या अम्ब्रिज बाई तर समोर चहाचा कप ठेवतात. म्हणजे ज्यांनी नियम पाळायचे, त्यांच्याच हातून ते मोडतात, आणि तेही खाण्यापिण्यातून! आपण पाणी गाळून पिणारी माणसं. समोर आलेल्या कपावर विश्वास ठेवता येत नसेल, तर त्या घरात सत्य तरी कसं टिकणार?

हे केवळ गोष्टीतलं नाही बरं का. अमेरिकेत टेक्ससमधले रॉबर्ट हाउस हे बाळंतपणं करणारे डॉक्टर. स्कोपोलामाइन दिलेली बाळंतीण गुंगीतही प्रश्नांची नेमकी उत्तरं देते, हे त्यांनी पाहिलं आणि 1922 मध्ये तेच औषध डॅलसच्या तुरुंगातल्या कैद्यांवर वापरलं. बाळंतिणीच्या कळा विसरायला लावणारं औषध असं चौकशीच्या खोलीत पोचलं. आपल्याकडे सोडियम पेंटोथालची नार्को चाचणी आली. पण गुंगीतला माणूस खरं, ऐकलेलं आणि कल्पनेतलं सगळं एकत्र बोलतो. त्याला सत्य म्हणायचं कसं?

5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं की अशी चाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध बोलायला भाग न पाडण्याचा हक्क संविधानाच्या कलम 20(3) मध्ये आहे. स्वेच्छेने केलेल्या चाचणीतलं बोलणंसुद्धा पुरावा ठरत नाही. त्यातून पुढे काही वस्तू वा माहिती हाती लागली, तर तेवढीच ग्राह्य धरता येते.

यावर माझी मुलगी म्हणाली, ‘मग सिरियसचं काय? तो निर्दोष होता, बारा वर्षं अझ्काबानमध्ये सडला. तीन थेंबांनी सुटला असता.’ मुद्दा बिनतोड वाटतो. पण सिरियसला तुरुंगात टाकलं ते खटला न चालवताच. औषध होतंच की, त्याचं ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून आरोपीने स्वतः मागितलं तर ते जरूर मिळावं, वकिलासमोर, दंडाधिकाऱ्यांपुढे संमती नोंदवून, आणि प्रश्न त्या गुन्ह्यापुरतेच.

प्रश्नांची ही मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार दिले आहेत. त्यात रहोभ्याख्यान आहे, म्हणजे कुणाची एकांतातली गोष्ट उघड करणं. ती गोष्ट खरी असली तरी व्रताला दोष लागतोच! व्रत आपण स्वतः घेतो, दुसऱ्याच्या घशात ओतत नाही.

आणि असं औषध बाजारात आलंच, तर पोलिसांआधी ते आपल्या स्वयंपाकघरात पोचेल याची मला खात्री आहे. सून माहेरी काय बोलली, नवऱ्याने पैसे कुणाला दिले, मुलगी कुणाला भेटते. आजही झोपलेल्या माणसाचं बोट लावून फोन उघडला जातोच ना? मुलांनी आपल्याला खरं सांगावं असं वाटत असेल, तर ते ऐकून घेण्याची आपली तयारी हवी. रागावायचं नंतर, आधी पूर्ण ऐकायचं, एवढा नियम आपण आपल्या घरापुरता आजच करू शकतो.