तळे लक्षात राहिले, नगरपालिका विसरलो

१/ गडांच्या तटबंदीची मापे आपल्या पिढीतील इतिहासप्रेमींना मुखोद्गत असतात. आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण, हे मात्र विचारून घ्यावे लागते. नगरपालिकेची सभा म्हणजे गटारे आणि कंत्राटे, तिच्यात कसला आलाय इतिहास, असा आपला समज. तो खोटा आहे. पुरावा महाडचा.

२/ २० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. एवढे सर्वांना ठाऊक असते. पण तळे कोणाच्या ताब्यात होते? नगरपालिकेच्या. आणि ते अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव तिने १९२४ मध्येच केला होता.

३/ त्यामागे मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झालेला सी. के. बोले यांचा ठराव होता : सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत.

४/ म्हणजे हक्क कागदावर होता, पाणी मात्र मिळत नव्हते. नगरपालिकेने ठराव केला आणि अंमलबजावणी केली नाही. म्हणून सत्याग्रहींनी त्या दिवशी कोणताही कायदा मोडला नाही. नगरपालिकेचाच ठराव तीन वर्षांनी अमलात आणला.

५/ त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, हे आपण वाचतो. ४ ऑगस्ट १९२७ रोजी काय झाले, हे सहसा वाचत नाही. त्या दिवशी महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. सुरेंद्रनाथ टिपणिसांसारखे चळवळीचे पाठीराखे नगरपालिकेच्या राजकारणात असूनही हे घडले.

६/ डिसेंबरात सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा न्यायालयात केला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. सत्याग्रहाला तेव्हा दहा वर्षे होत आली होती.

७/ कोणी म्हणेल, महाड अपवाद. आजच्या सभांत फक्त पाणीपट्टी आणि रस्ते असतात. पण चवदार तळ्याचा प्रश्नही पाणवठ्याचाच होता. पाणी कोणत्या वस्तीला आधी, कचरा कोणाच्या दाराशी, हे प्रश्न तेव्हाही जातीचे आणि सत्तेचे होते, आजही आहेत.

८/ मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली. मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात अंदाजपत्रक प्रशासनच मांडी आणि प्रशासकच मंजूर करी. चित्रपटातील एका प्रसंगावरून रात्रभर भांडणारे आपण या रिकाम्या सभागृहांविषयी किती बोललो?

९/ सर्वसाधारण सभा सामान्यतः नागरिकांना खुली असते. एकदा जाऊन बसा. विषयपत्रिका मिळवा, इतिवृत्त वाचा. ठराव मंजूर झाला की टाळ्या वाजवून परतू नका. सहा महिन्यांनी त्याचे काय झाले, ते विचारा. कोणता ठराव गुपचूप मागे घेतला, तेही पाहा.

१०/ उद्याचा संशोधक हीच इतिवृत्ते उघडून बसेल. त्या सभेवर कोणाचेच लक्ष नव्हते, असे त्याला आपल्याविषयी लिहावे लागू नये.