माळरान ओसाड नव्हे!

जेथें झाड नाहीं तेथें कांहींच नाहीं, अशी आम्हां सुशिक्षितांची ठाम समजूत होऊन बसली आहे. सरकारी दप्तर माळरानास ‘पडीक’ म्हणतें, आणि आम्ही पावसाळा लागतांच हातीं रोपें घेऊन त्याचा उद्धार करावयास निघतों. या परोपकारांत बळी कोणाचा जातो, याचा विचार कोणीं केला आहे काय?

सोलापुराजवळ नान्नजच्या माळावर १९७९ सालीं माळढोकासाठीं अभयारण्य झालें. हा पक्षी झाडावर घरटें बांधीत नाहीं; मादी उघड्या भुईवर बहुधा एकच अंडें घालते. शत्रु दुरून दिसावा म्हणून त्यास मोकळा माळच हवा. तेथें झाडांची दाटी करणें म्हणजे माशाला पोहण्याचे कष्ट पडतात म्हणून तळें बुजविणेंच होय! शिवाय कित्येक माळ नांगराखालीं गेले, कित्येकांवरून विजेच्या तारा गेल्या. समोरचें नीट न दिसणारा हा जड पक्षी त्या तारांवर आदळून मरतो. आज देशांतील रानांत दोनशेंहूनही कमी माळढोक उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानांत.

कोणी म्हणेल, नुसत्या गवतानें कोणाचें पोट भरतें? मग धनगरांचीं मेंढरें पिढ्यान्‌पिढ्या कशावर जगलीं?

वृक्षारोपण पुण्यकर्म खरें; पण जेथें रान तुटलें तेथें तें करावें. माळ माळच राहूं द्यावा. ‘पडीक’ हा शब्द प्रथम आपल्या मनांतून खोडूं या. दप्तरांतून तो मग आपोआप निघेल.